जुन्या ट्रॅक्टरचा फीड पंप : कमी खर्चात बदलताना



उन्हाळी नांगरट. आपल्या परभणीची भारी काळी जमीन, खोल तास, आणि वीस-पंचवीस वर्षांचा जुना ट्रॅक्टर. मोकळा चालतो तेव्हा बरा चालतो. नांगर जमिनीत गेला की दम टाकतो आणि बंद पडतो. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू! असं झालं की गावात पहिला सल्ला मिळतो, "पंप उतरवा." म्हणजे मोठा इंजेक्शन पंप काढून दुरुस्तीला न्या. बंधूंनो, जरा थांबा. त्या मोठ्या पंपाला टाकीतलं डिझेल आणून देणारा एक लहान पंप असतो, त्याला फीड पंप म्हणतात. पुष्कळदा दोष तिथंच, किंवा त्याच्याही अलीकडे असतो.

मागे जिंतूर तालुक्यात एका शेतकऱ्याकडे गेलो होतो. मोठा पंप दुरुस्त करून आणलेला, तरी ट्रॅक्टर बंदच पडायचा. टाकीचं झाकण फिरवलं तर फुस्स आवाज झाला. झाकणाचं हवेचं छिद्र मातीनं बुजलेलं होतं. तारेनं मोकळं केलं, नांगर चालू झाला. आधी झालेला खर्च मात्र गेला तो गेलाच.

तेव्हा आधी झाकण, मग गाळणीची वाटी, फिल्टर, आणि नळीच्या जोडावरची तांब्याची वॉशरं बघा. हे सारं ठीक असेल तर फीड पंपाची परीक्षा घ्या. पंपातून फिल्टरकडे जाणारी नळी सोडा, खाली बाटली धरा, इंजिन बंद करण्याची दोरी ओढून ठेवा आणि सेल्फ मारा. डिझेल पिचकारीसारखं ठोक्याठोक्यानं आलं तर पंप चांगला. नुसतं पाझरलं तर पंप थकला. हातानं खटका दाबून बघताना तो सैल लागला तरी लगेच पंपाला दोष देऊ नका. आत कॅम उंचावर थांबला असेल, तर इंजिन थोडं फिरवून पुन्हा दाबा.

आता महत्त्वाची गोष्ट. मॅसी फर्ग्युसन १०३५ सारख्या जुन्या ट्रॅक्टरवर पडद्याचा, म्हणजे डायफ्रामचा पंप असतो. हा पडदा फाटला की डिझेल बाहेर गळेलच असं नाही, ते इंजिनच्या चेंबरमध्येही उतरतं. कांडीवर ऑइल न घालता वाढलेलं दिसलं, बोटाला पातळ लागलं, डिझेलचा वास आला, तर ट्रॅक्टर तिथंच उभा करा. दुपारपर्यंतचं तेवढं रान होऊ द्या, असं म्हणू नका. पातळ ऑइलवर क्रँकची मेटल झिजते, आणि लहान पंपाच्या पैशात भागणारं काम पूर्ण इंजिन उघडण्यावर जातं.

पैसे वाचवायचे तर नुसतं डायफ्राम किट मिळतं. पण आतला दांडा आणि पिन हलवून बघा. तिथं झीज असेल तर किटचे पैसे वाया, पूर्ण पंपच घ्या. जुना पंप सोबत नेऊन दांड्याचा आकार जुळवा. काही ट्रॅक्टरला मोठ्या पंपाच्या अंगालाच दट्ट्याचा फीड पंप असतो. दुकानात अजून "मायकोचा" म्हणतात, कंपनीचं नाव २००८ पासून बॉश झालं आहे. आणि हं, सायकलच्या ट्यूबचा पडदा कापून बसवू नका. ते रबर डिझेलमध्ये फुगतं.

पंप बसवताना दांडा कॅमच्या योग्य बाजूला टेकला पाहिजे. उलट्या बाजूला गेला तर पहिल्याच सेल्फला मोडेल. पॅकिंग जुन्याइतकंच जाड ठेवा. दोन पॅकिंग लावलं तर पंपाचा ठोका कमी होतो. दोन्ही बोल्ट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा.

मग एअर काढायची. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, खटका दाबत राहा, बुडबुडे थांबले की आवळा. नंतर मोठ्या पंपावरचा स्क्रू तसाच. तरी सुरू झालं नाही तर नोझलच्या नळ्यांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारा, पण तिथं हात किंवा बोट नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं, आणि मग दवाखान्याचं काम होतं. नवीन सीआरडीआय इंजिनाला यातलं काही करू नका, त्याचा दाब फारच जास्त असतो.

चेंबरमध्ये डिझेल गेलं होतं, तर सुरू करण्याआधी ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला. दोन तास काम झालं की ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, थंड होऊ द्या, बोल्ट पुन्हा आवळा आणि कांडी बघा. ऑइल पहिल्या खुणेवरच असेल तर संध्याकाळपर्यंत नांगर चालवायला हरकत नाही.