परतलेला रुग्ण आणि माकडतापाचे निदान



माकडताप हा गोचिडीच्या चाव्यातून होणारा विषाणुजन्य आणि प्रसंगी रक्तस्राव घडविणारा आजार होय. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, आसपासचे ग्रामस्थही आजारी पडले आणि या विषाणूचा शोध लागला. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात त्याचे रुग्ण आढळले. काजूच्या हंगामासाठी गोव्यात गेलेले बेळगाव जिल्ह्यातील मजूरही २०१६ मध्ये या तापाने आजारी पडले.

निदानाची खरी अडचण येथेच आहे. गोचीड चावल्यानंतर साधारणतः ३ ते ८ दिवसांनी ताप येतो. तोवर मजूर आपल्या गावी परतलेला असतो. एकाएकी चढलेला ताप, तीव्र डोकेदुखी व अंगदुखी, घटलेल्या प्लेटलेट्स, हिरड्यांतून रक्त, हे चित्र डेंग्यूचेही असू शकते. ज्या गावात जंगल नाही, तेथील डॉक्टरांच्या मनात माकडताप यावा कसा? रुग्ण कोठून आला, हे कळले तरच.

संशय आला की वेळेला महत्त्व येते. पहिल्या आठवड्यात रक्तातील विषाणू आरटी-पीसीआर चाचणीने शोधता येतो. पुढे आयजीएम प्रतिपिंडांची चाचणी उपयोगी पडते. म्हणून ताप कोणत्या दिवशी आला, याची नोंद रक्ताच्या नमुन्यासोबत जावी लागते. असे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासले जातात.

या विषाणूवर रामबाण औषध नाही आणि शंभरातील सुमारे ३ ते ५ रुग्ण दगावतात. तरीही निदान व्यर्थ जात नाही. रक्तस्रावावर लक्ष ठेवता येते, ॲस्पिरिनसारखी औषधे टाळता येतात. काही रुग्णांना एक-दोन आठवड्यांनी ताप उलटतो व मेंदूवर परिणाम होतो. त्या वेळी आपण सावध असतो. शिवाय बागेत अजून राबणाऱ्या सोबत्यांना वेळीच इशारा देता येतो. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. आप्तांनी रुग्णाजवळ निर्धास्त बसावे.

महागडी यंत्रे आपल्या औदार्यातून येतील. परंतु या निदानाची पहिली पायरी विनामूल्य आहे. रुग्ण गेल्या पंधरवड्यात कोठे गेला होता, कोणते काम करीत होता, हे कोणी विचारण्याची वाट न पाहता आप्तांनी सांगावे आणि आम्ही ते केसपेपरवर नोंदवावे, एवढीच विनंती.