उताराचा नकाशा गावाच्या हाती
(जिल्हा बैठकीतील भाषण)



शंभर मीटरला एक मीटर उतार असला तर रान डोळ्याला सपाटच दिसते. पाण्याला मात्र तो उतार बरोबर कळतो. बांध चुकीच्या रेषेवर पडला की एकाच्या कपाशीत पाणी साचते आणि दुसऱ्याची माती नाल्यात जाते. बांधबंदिस्तीच्या आधी साऱ्या शिवाराचा उताराचा नकाशा हवा. डंपी लेव्हलने तो करायचा तर दिवसच्या दिवस जातात.

आता ड्रोनला लेसर बांधून हे काम होते. किरण जमिनीला लागून परत येतो आणि लागलेल्या वेळावरून अंतर निघते. कॅमेऱ्याला झाडाचा शेंडा दिसतो. लेसरचे काही किरण पानांच्या फटीतून जमिनीपर्यंत पोचतात.

हे स्वस्त झाले काय? २०१९ साली लिव्हॉक्स कंपनीने मिड-४० हा लेसर ५९९ डॉलरला बाजारात आणला. पण नुसता लेसर म्हणजे नकाशा नव्हे. ड्रोन हवेत डुलतो. साठ मीटर उंचीवरून अंशाच्या दहाव्या भागाची चूक झाली, तरी बिंदू दहा सेंटिमीटर सरकतो. ड्रोनचा कल आणि जागा मोजणारी यंत्रे चांगली लागतात. पैसा तिथे जातो.

तेव्हा आपण हिशेबाने वागू. उलंगवाडी झाली, ज्वारी निघाली, की मोकळ्या रानाला साध्या कॅमेऱ्याचा ड्रोन पुरतो. लेसर मागायचा तो बाभळी-झुडपांनी भरलेल्या नाल्यांसाठी. मोकळ्या रानासाठी लेसरचे पैसे आपण का मोजावेत?

१५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने भारतीयांना नकाशे करण्यासाठी लागणारी पूर्वपरवानगी उठवली. त्याच वर्षीच्या ड्रोन नियमांनी हिरव्या क्षेत्रात १२० मीटर उंचीपर्यंत उडवायला वेगळी परवानगी ठेवली नाही; ड्रोनची नोंदणी मात्र हवी. वाट मोकळी आहे. पण नकाशा ठेकेदाराच्या कपाटात राहिला तर आपण होतो तिथेच.

म्हणून प्रत्येक गावाने तीन गोष्टी मागाव्यात. उंचीचे मूळ आकडे गावाला मिळावेत. दहा ठिकाणी डंपी लेव्हल लावून ते सर्वांसमोर पडताळावेत. आणि वरच्या-खालच्या दोन्ही शेतकऱ्यांनी नकाशा पाहिल्याशिवाय बांधावर फावडे पडू नये.

पाणी कोणाच्या सातबाऱ्यावरून वाहायचे हे विचारत नाही. नकाशाही साऱ्या शिवाराचा एकच करू या.