रेडिओवर काय ऐकू येत नाही

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात, शुक्रवार पेठ, सोलापूर येथे केलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर बोलायला बोलावले की वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, अशी प्रथा आहे. ते महत्त्व तुम्हांला पटलेले नसते तर कामाचा दिवस मोडून तुम्ही येथे आलाच नसता. म्हणून तो भाग मी सोडून देतो आणि आज रेडिओविषयी बोलतो. विषय ऐकून काही विद्यार्थी हसले. हसू द्या. थोडा वेळ ऐका म्हणजे झाले.

मुंबईला आपल्यापैकी पुष्कळांचे नातेवाईक आहेत. पुढच्या खेपेस मदनपुऱ्यात किंवा कुर्ल्याला गेलात की संध्याकाळी एफएम रेडिओ लावा आणि काटा ८८ पासून १०८ पर्यंत सावकाश फिरवा. वाटेत दहा-बारा केंद्रे लागतील. आकाशवाणीची केंद्रे आणि विद्यापीठाची छोटी वाहिनी बाजूला ठेवली, तर उरलेल्या बहुतेक ठिकाणी काय लागेल? हिंदी चित्रपटांची गाणी. एकीकडे या वर्षीची, दुसरीकडे वीस वर्षांपूर्वीची, तिसरीकडे प्रेमाची. मराठीला काही तास मिळतात. मध्ये आरजे म्हणवणारे निवेदक घाईघाईने बोलतात, कोणाला तरी फोन करून त्याची थट्टा करतात आणि मग जाहिराती सुरू होतात. एका केंद्राचे नाव दुसऱ्याला दिले तरी ऐकणाऱ्याला आठवडाभर पत्ता लागणार नाही.

आता काय लागत नाही ते पाहा. कोट्यवधी वस्तीच्या या शहरात लहान मुलांसाठी एकही एफएम वाहिनी नाही. रागसंगीताची पूर्ण वेळ वाहिनी नाही. शास्त्रीय संगीतासाठी आकाशवाणीने २०१६ साली ‘रागम्’ ही चोवीस तासांची वाहिनी काढली, परंतु ती इंटरनेटवर आणि डिशवर. नुसते बोलणे ऐकावे, म्हणजे चर्चा, मुलाखती, पुस्तकांची वाचने, श्रुतिका ऐकाव्यात, अशी वाहिनी नाही. इंग्लंडात बीबीसीचे रेडिओ ४ हे केंद्र १९६७ पासून मुख्यतः अशा बोलण्यावरच चालले आहे. आणि उर्दूची वाहिनी? ज्या शहरात उर्दूचे कवी, कथाकार आणि पटकथाकार हयातभर राहिले, जेथील चित्रपटगीतांचा निम्मा शब्दसंग्रह उर्दूचा, तेथे एक मुशायरा, एक अफसाना सबंध ऐकावा असे पूर्ण वेळचे एफएम केंद्र नाही. गाण्यातून उर्दू येते, पण तीन-चार मिनिटांपुरती.

हे नेहमीच असे नव्हते. सआदत हसन मंटो १९४१-४२ मध्ये दिल्लीच्या नभोवाणी केंद्रात नोकरीला होते आणि त्या थोड्या काळात त्यांनी पुष्कळ श्रुतिका लिहिल्या. कृष्ण चंदर आणि उपेंद्रनाथ अश्क यांनीही त्या काळात नभोवाणीत काम केले. मराठीत पाहावे तर १९५५ साली पुणे केंद्राने गदिमा आणि सुधीर फडके यांच्याकडून ‘गीतरामायण’ करवून घेतले; वर्षभर दर आठवड्याला एक अशी ५६ गीते. मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’मधील टेकाडे भाऊजी, मीना वहिनी आणि पंत हे घरोघरच्या लोकांना शेजाऱ्यांसारखे वाटत. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना बाळ कुडतरकर आणि नीलम प्रभू यांचे आवाज आजही ओळखता येतील. ही सर्व कामे नभोवाणीसाठी मुद्दाम लिहिली गेली होती. कोणीतरी पगार दिला, वेळ दिला, म्हणून ती झाली.

लोकांना गाणीच आवडतात, त्याला काय करणार, असे म्हणणारे भेटतात. हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. रेडिओवर काय लागते हे श्रोत्याच्या आवडीइतकेच धोरणावर अवलंबून असते. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोते उठले आणि रेडिओ सिलोनकडे गेले. त्याच वर्षी तेथे अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. शेवटी सरकारला ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ काढावी लागली. तेव्हा धोरणाने गाणी घालवली होती. आज धोरणानेच गाण्याखेरीज बाकी सर्व घालवले आहे.

(अमीन सायानींचे नाव निघाले म्हणून सांगतो. त्यांच्या आई कुलसुम सायानी यांनी १९४० पासून ‘रहबर’ नावाचे पाक्षिक चालवले. प्रौढ वयात अक्षरओळख झालेल्यांसाठी ते होते आणि एकच सोपी भाषा नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत छापली जाई. २०२४ साली वारलेला हा निवेदक आपली सोपी हिंदुस्थानी त्या घरच्या कामात शिकला. रेडिओचा सर्वांत लोकप्रिय आवाज साक्षरतेच्या चळवळीतून आला होता, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.)

धोरण कसे काम करते ते थोडक्यात सांगतो. खासगी एफएम केंद्रे आपल्या देशात २००१ पासून आहेत. वाहिनीची जागा लिलावात मिळते. २०१५ च्या लिलावात मुंबईतील एका वाहिनीची बोली सव्वाशे कोटी रुपयांच्या आसपास गेली. श्रोता तर एक पैसाही देत नाही, म्हणजे हे सारे जाहिरातीतूनच वसूल करायचे. ज्याने एवढी रक्कम ओतली तो मुशायऱ्याचा प्रयोग कशाला करील? शिवाय गाणे स्वस्त पडते. २०१० साली कॉपीराइट मंडळाने गाण्यांचा मोबदला केंद्राच्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के असा ठरवून दिला होता. अर्ध्या तासाच्या श्रुतिकेला मात्र लेखक हवा, चार नट हवेत, तालीम हवी. तिसरी गोष्ट बातम्यांची. खासगी रेडिओला स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते, एवढीच सवलत. त्याच देशात दूरचित्रवाणीवर शेकडो वृत्तवाहिन्या रात्रंदिवस ओरडत असतात. या भेदाचे समाधानकारक कारण मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

२०११ च्या धोरणात एका मालकाला एकाच शहरात एकाहून अधिक वाहिन्या घेण्याची मुभा मिळाली. दुसरी वाहिनी तरी वेगळी निघेल, अशी आशा त्यामागे होती. दुसरी निघाली, आणि बहुधा तिच्यावर जुनी हिंदी गाणी लागली.

वेगळे ऐकणारे नाहीतच, हेही खरे नाही. ‘वर्ल्डस्पेस’ नावाचा उपग्रह रेडिओ होता. त्यासाठी वेगळा संच विकत घ्यावा लागे आणि वर्गणी भरावी लागे. तरीही त्याचे बहुतेक वर्गणीदार भारतातच होते आणि हिंदुस्थानी संगीतासाठी त्यावर ‘गंधर्व’ नावाची स्वतंत्र वाहिनी होती. कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि २००९ च्या अखेरीस ती सेवा येथे बंद झाली. पैसे मोजणारे श्रोते होते, तेही पुन्हा गाण्यांच्या गर्दीत मिसळले.

आता सोलापुरात येऊ. आपल्या शहरात आकाशवाणीचे केंद्र आहे, खासगी वाहिन्याही आहेत. मुंबईत जे उणे आहे ते येथेही उणे आहे. फक्त येथे ते अधिक बोचते, कारण हे चार भाषांचे शहर आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच पेठेत ऐकू येतात. आपल्या घरांत बोलली जाते ती दख्खनी तर पुस्तकी उर्दूहून निराळी. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने ‘किताब-ए-नौरस’ याच दख्खनीत रचली. आज ती भाषा रेडिओवर आणि पडद्यावर आली तर महमूदच्या काळापासून हसवण्यासाठीच येते. दादी-नानी ज्या भाषेत गोष्टी सांगतात, ती फक्त विनोदाची भाषा आहे असे मुलाने समजावे, हे मला फार वाईट वाटते.

परंतु माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे. त्याच २०११ च्या धोरणात काही विषय ‘बातमी’ समजले जाणार नाहीत, असे स्पष्ट लिहिले आहे. ते विषय असे: परीक्षा, निकाल, प्रवेश, व्यवसाय-मार्गदर्शन, नोकरीच्या संधी, वाहतूक, हवामान, सांस्कृतिक कार्यक्रम, तसेच स्थानिक प्रशासनाने दिलेल्या वीज, पाणी आणि आरोग्यविषयक सूचना. म्हणजे पालकाला आणि विद्यार्थ्याला ज्याची सर्वांत गरज आहे, नेमके ते बोलण्यास कोणाचीही आडकाठी नाही. तरीही जाहिरातींच्या फटीतून त्यातले किती कानावर येते, हे तुम्हीच सांगा.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाले. पसंतीक्रम कसा भरायचा, पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि घेतले नाही तर काय होते, अल्पसंख्याक कोटा कोठे लागू आहे, नॉन-क्रीमीलेअरचा दाखला कधीपर्यंत काढून ठेवायचा, हे सर्व आपल्या पालकांनी कोणाला विचारले? बहुतेकांनी नेट कॅफेतल्या मुलाला. तो बिचारा समोर रांग लावून बसलेला, त्याने जे बटण दाबले ते दाबले. केंद्र सरकारची पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती २०२२ मध्ये बंद झाली, तीही बातमी कित्येक घरांत फार उशिरा पोचली. आणि पाण्याचे काय? नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, आज येणार की उद्या हे कोणाला ठाऊक नसते. त्या वाट पाहण्यात आईची झोप जाते आणि पुष्कळदा मुलीची पहिली तासिकाही जाते. रोज सकाळी दोन मिनिटे पेठवार वेळा सांगितल्या तर कोणाचे काय बिघडेल?

मोबाइलवर सगळे मिळते, हे उत्तर मला ठाऊक आहे. मिळते, परंतु शोधता आले तर. त्यासाठी डोळे आणि हात मोकळे हवेत. मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या बाईचे दोन्ही गुंतलेले असतात. शिलाई मशीनवर बसलेल्या खालाचेही तेच. कान तेवढे मोकळे. (यंत्रमागावरच्या माणसाचे तेही नाहीत, तेथे शेजारच्याचे बोलणेसुद्धा ऐकू येत नाही.) घरात चांगला फोन एकच असला तर तो कॉलेजात गेलेल्या मुलाच्या खिशात असतो. शाळा बंद असताना, २०२० साली, नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ चालली ती याचसाठी, की इंटरनेट नसलेल्या घरातही आवाज पोचत होता.

मग करायचे काय? लिलावातली वाहिनी आपल्या आवाक्याबाहेर आहे, तिचा विचार सोडा. परंतु २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून नोंदणीकृत सेवाभावी संस्थांनाही समुदाय रेडिओ चालवण्यास मुभा मिळालेली आहे. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाने २००४ मध्ये पहिले केंद्र काढले. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आहे. आपल्या शेजारी सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी महिलांचे केंद्र आहे. हरियाणात मेवातमध्ये ‘अल्फाझ-ए-मेवात’ हे केंद्र २०१२ पासून तेथील मेवाती बोलीत बोलते. शेती, आरोग्य, मुलींची शाळा हे त्याचे विषय. प्रक्षेपणाची शक्ती १०० वॅट, मनोरा ३० मीटरपर्यंत, आवाज साधारण दहा किलोमीटर. निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांनीच केलेले असावे लागतात. स्वतःच्या बातम्या येथेही देता येत नाहीत.

एक अट मात्र समजून घ्या. अशी वाहिनी एका जमातीची होऊ शकत नाही, ती परिसराची असते. मला ही अट उपकारक वाटते. आपल्या संस्थेने उद्या असे काही काढले, तर त्यात शेजारच्या तेलुगू आणि कन्नड घरांचा आवाज असलाच पाहिजे. अकरावीचा फॉर्म त्यांच्या मुलांनाही भरायचा असतो. दुसरी गोष्ट अनुभवाची: यंत्रे विकत घेणे सोपे, देणगीदार मिळतात, उद्‌घाटनाला मंडप भरतो. सातव्या महिन्यात निवेदकाचा पगार आणि विजेचे बिल भरण्याची वेळ आली की मंडपातली माणसे दिसत नाहीत. त्यामुळे परवान्याचा अर्ज करण्यापूर्वी एक वर्ष तालीम करावी, असे मी सुचवतो.

तालमीला परवाना लागत नाही. नववी ते बारावीच्या आठ-दहा मुलामुलींनी फोनवरच ध्वनिमुद्रण करावे आणि शनिवारी शाळेच्या सभागृहात ध्वनिक्षेपकावर ते पालकांना ऐकवावे. सुरुवात प्रवेशाच्या फॉर्मपासून: ज्यांचा फॉर्म गेल्या वर्षी चुकला अशा दोन विद्यार्थ्यांना आणि एका शिक्षकाला समोरासमोर बसवा. मग दादीची एक गोष्ट दख्खनीत, न सुधारता, जशी ती सांगते तशी. मग शेजारच्या पेठेतील एखाद्या विणकराची मुलाखत तेलुगूत, आणि तिचा मराठी सारांश त्याच्याच मुलीच्या आवाजात. एकूण अर्धा तास. ज्या पालकांना आपल्या पाल्याचे नाव द्यायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर ठेवलेल्या वहीत लिहून जावे; वहीत विद्यार्थ्याच्या नावापुढे घरी बोलली जाणारी भाषाही लिहावी.