जव्हारच्या जुन्या गावातून चालताना

(जव्हार येथील युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, इतिहासाचा अभ्यासक नाही. म्हणून आज फक्त दोन गावांतून चालताना जे दिसलं, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी स्पेनला गेलो होतो. एका रविवारी कोर्दोबाच्या जुन्या वस्तीत दिवसभर हिंडलो. पांढऱ्या भिंती, कुंड्या, अरुंद गल्ल्या. मध्ये ७८५ साली बांधायला घेतलेली मशीद. १२३६ मध्ये ख्रिस्ती राजाने शहर जिंकल्यावर तिचं चर्च झालं. शेजारच्या नदीचं नाव ग्वादलकिवीर, म्हणजे अरबीतलं ‘वादी अल-कबीर’, मोठी नदी. पण हे नाव ठेवणाऱ्यांचे वंशज तिथे उरले नाहीत. १४९२ मध्ये ज्यूंना देशाबाहेर काढलं. १६०९ पासून मोरिस्कोंना काढलं. हे मोरिस्को मुसलमान पूर्वजांचे, पण ख्रिस्ती झालेले लोक होते. धर्म बदलूनही त्यांना राहू दिलं नाही.

परत आल्यावर मी पुण्यात भाड्याचं घर शोधत होतो. फोनवर रिकामं असलेलं घर माझं नाव ऐकलं की लगेच ‘कालच गेलेलं’ असायचं. एकाने तर विचारलं, “तुम्ही लोक मूळचे कुठले?” माझं आजोळ जव्हार. त्या प्रश्नाचं नीट उत्तर शोधायला मी इथे आलो आणि मामूंना म्हणालो, “मला गाव दाखवा.” मामू हसले. “लहानपणापासून बघतोयस, आता काय नवीन दाखवू?”

तरी आम्ही निघालो. जुना राजवाडा, बाजारपेठ, दर्गा, मग जयविलास पॅलेस. मुकणे हे महादेव कोळी घराणं. त्यांच्या राजांची नावं मात्र नेमशाह, विक्रमशाह, पतंगशाह. ५ जून १३४३ रोजी दिल्लीच्या सुलतानाने नेमशाहाला राजा म्हणून मान्यता दिली. तेव्हा दिल्लीला मुहम्मद तुघलक होता. हा दिवस संस्थानाला इतका महत्त्वाचा वाटला, की त्यापासून नवी कालगणना सुरू झाली. पुढे १६६४ मध्ये सुरतेला जाताना शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबले आणि विक्रमशाह त्यांना भेटला. एकाच राजघराण्यात ‘शाह’ही आहे आणि महाराजांची भेटही आहे. त्याचं इथे कुणाला कोडं पडत नाही. उर्साला आणि दसऱ्याला गर्दी तीच असते.

मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, मिळालं उत्तर. आता घरमालकाला सांगता येईल, सहाशे ऐंशी वर्षांपूर्वीपासूनचं नातं आहे.

चहाच्या टपरीवर मामूंचे एक वारली मित्र बसले होते. त्यांना मी हे सगळं उत्साहाने ऐकवलं. ते म्हणाले, “आणि त्याच्या आधी?”

आधीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. जयाबा मुकणेने इथल्या वारली प्रमुखाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. मिळाल्यावर कातड्याच्या बारीक पट्ट्या कापल्या, एकाला एक जोडल्या आणि मोठा मुलूख घेरला. दंतकथा आहे, अशीच कार्थेजच्या राणीचीही सांगतात. पण ती गोष्ट जिंकणाऱ्याच्या हुशारीची म्हणून सांगितली जाते. ज्याची जमीन गेली, त्याचं नावसुद्धा माझ्या तोंडात नव्हतं.

तिथे मी ओशाळलो. मला घर नाकारणारा माणूस ‘आधी कोण आलं’ असा हिशेब घालत होता. मीही तोच हिशेब घेऊन निघालो होतो, फक्त माझ्या सोयीचं साल शोधत होतो. सालावर हक्क ठरायचा असेल तर या डोंगरात पहिला हक्क वारली, कातकरी, ठाकर यांचा. आणि तेच लोक दिवाळीनंतर मुलाबाळांसकट वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात. मोखाड्याकडे जाताना वाटेत बंद घरं दिसतात. पॅलेस बघायला आलेल्या पर्यटकांच्या गाड्या त्यांच्यासमोरून जातात. त्या घरांना कुणीही बाहेर काढलेलं नाही, तरी माणसं तिथे नाहीत.

म्हणून आता ‘मूळचे कुठले’ या प्रश्नाला मी साल सांगत नाही. भाडं वेळेवर देईन, सोसायटीचे नियम पाळीन, नागरिक आहे, एवढंच सांगतो. तेवढं पुरेसं असायला हवं. मला, आणि वीटभट्टीवरून परतणाऱ्यालाही.

एक काम मात्र आपण करू शकतो. मेळावा संपल्यावर उद्या सकाळी सात वाजता जुन्या राजवाड्यापासून चालायला निघू. आश्रमशाळेतली मुलं येणार आहेत, मामू येणार आहेत, त्यांचे मित्रही येणार आहेत. राजवाड्यापाशी मामू बोलतील. शिरपामाळावर त्यांचे मित्र बोलतील, वारल्यांकडून. आपण वही घेऊन यायचं आणि दोघांचंही लिहून घ्यायचं.