मित्रमंडळींचा लघुपट



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हा चलच्चित्राचा जन्मही झालेला नव्हता. त्यामुळे वेदान्त, इतिहास आणि अंदाजपत्रक यांच्या पंक्तीला आज मी लघुपट आणून बसवीत आहे, याबद्दल जाणत्यांनी रागावू नये. विषय निवडण्याचे कारण अगदी घरगुती आहे. परीक्षा संपल्या की गावोगाव चार-पाच मुले एकत्र जमतात आणि घरी येऊन सांगतात, ‘आम्ही फिल्म करतो आहोत.’ वडील विचारतात, ‘त्याचा उपयोग काय?’ आई विचारते, ‘घरी किती वाजता याल?’ हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोहोंचीही उत्तरे देता येतात. ती देण्याचा माझा आज प्रयत्न आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याकडील चित्रपटाचा आरंभच मुळी अशा घरगुती लघुपटाने झाला. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण त्याच्या आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून टिपली होती. बी रुजते, अंकुर फुटतो, वेल वर चढतो, एवढेच त्यात होते. ते पाहून मित्रांचा विश्वास बसला आणि भांडवलाची वाट मोकळी झाली. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मच्या पट्टीला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे शिकल्या आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांनी सांभाळला. लहान आरंभ, घरची माणसे आणि मित्रांचा भरवसा, ही तीन माणके आपल्या चित्रपटाच्या पायातच पुरलेली आहेत.

आता कामाकडे वळू. समजा, पाच मित्र-मैत्रिणींनी आठ मिनिटांचा लघुपट करायचे ठरवले. गोष्ट अशी: आजोबा वारले आहेत. त्यांची सायकल वाड्याच्या चौकात गंजत पडली आहे. घरचे ती भंगारवाल्याला द्यायला निघाले आहेत आणि आजी तोंडाने काही बोलत नाही. नातू सायकल ढकलीत दुकानापर्यंत नेतो. पुढे काय होते ते मुलांनी ठरवावे. ही गोष्ट मी मुद्दाम घेतली, कारण तिला लागणारे सर्व काही गावात आहे. वाडा आहे, सायकल आहे, भंगाराचे दुकान आहे आणि आजी तर प्रत्येकाच्या घरी आहे. नवशिक्यांची पहिली ओढ खून, पाठलाग आणि विमानतळ यांच्याकडे असते. जे आपल्याजवळ नाही त्याची नक्कल करण्यापेक्षा जे आपल्याजवळच आहे आणि दुसऱ्याजवळ नाही ते दाखवावे, हे पहिले शहाणपण.

उमेश कुलकर्णी यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना ‘गिरणी’ हा लघुपट केला. घरात पिठाची गिरणी येते आणि शाळकरी मुलाचे जग बदलते, एवढीच त्याची गोष्ट. गिरणीचा आवाज आपण सर्वांनी ऐकला आहे. पण त्या आवाजात एका पोराचे बालपण दळले जाते, हे ऐकायला कान तयार लागतो.

गोष्ट ठरली की हिशोब. एक शॉट सरासरी आठ सेकंदांचा धरला तर आठ मिनिटांना साठ शॉट लागतात. जागा ठरवणे, उजेड पाहणे, तालीम आणि प्रत्यक्ष चित्रण मिळून नवशिक्यांना एका शॉटला अर्धा तास सहज जातो. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत, जेवणाचा एक तास सोडून, दहा तास मिळतात. म्हणजे दिवसाला वीस शॉट आणि एकंदर तीन दिवस. हा हिशोब कागदावर मांडला की अर्धी स्वप्ने आपोआप गळतात आणि उरतात ती पुरी होण्याजोगी असतात. नऊ माणसे, तीन दिवस, दोन वेळचे खाणे, म्हणजे ५४ पाने होतात. ही पाने कोणाच्या घरी वाढली जाणार, हे कॅमेऱ्याआधी ठरले पाहिजे. उपाशी मंडळींकडून तिसऱ्या दिवशी अभिनय होत नाही, भांडण होते.

मग शॉटांची यादी करावी. गोष्टीच्या क्रमाने चित्रण करायचे नसते, जागेच्या क्रमाने करायचे असते. चौकातले सगळे शॉट एकदम उरकावेत, मग ते गोष्टीच्या आरंभीचे असोत की शेवटचे. चौकात ऊन केव्हा उतरते, हे आदल्या दिवशी घड्याळ लावून पाहून ठेवावे. आणि एका मुलाने किंवा मुलीने वही घेऊन बसावे: आजीच्या हातातला कप अर्धा होता की भरलेला, नातवाच्या सदऱ्याचे वरचे बटण लागले होते की नाही, सायकलचे हॅंडल कोणीकडे वळलेले होते. ही वही नसेल तर पडद्यावर कप आपोआप भरतो आणि प्रेक्षक नेमक्या रडायच्या ठिकाणी हसतो.

असले सातत्य निसर्गही सांभाळू देत नाही, याचे प्रसिद्ध उदाहरण सत्यजित राय यांचे. त्यांनी ‘पथेर पांचाली’चे चित्रण २७ ऑक्टोबर १९५२ रोजी काशफुलांच्या शेतात सुरू केले. छायालेखक सुब्रत मित्र जेमतेम बाविशीचे होते आणि त्यांनी चलच्चित्राचा कॅमेरा पूर्वी चालवलेला नव्हता. नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी काम चालायचे. पुढच्या खेपेला मंडळी तेथे गेली, तर गुरांनी फुले खाऊन फस्त केली होती! राहिलेल्या दृश्यासाठी पुढचा हंगाम यावा लागला. चित्रपट १९५५ साली पुरा होऊन लोकांपुढे आला. आपल्या मुलांनी यातून दोन धडे घ्यावेत. जे कोमेजणारे आहे त्याचे चित्रण आधी उरकावे; आणि गुरांनी फुले खाल्ली म्हणून काम सोडू नये.

दोन तांत्रिक गोष्टी सांगतो, त्यात अवघड काही नाही. कबड्डीचा सामना आपण मैदानाच्या एकाच बाजूने पाहतो, म्हणून कोणता संघ डावीकडे आणि कोणता उजवीकडे याचा घोटाळा होत नाही. मध्येच पलीकडच्या बाजूला जाऊन बसलो तर चढाई उलटी दिसू लागेल. दोन पात्रे बोलत असताना त्यांच्यामध्ये अशीच एक रेषा कल्पावी आणि कॅमेरा तिच्या एकाच अंगाला ठेवावा. दुसरी गोष्ट आवाजाची. पाहणारा धूसर चित्र खपवून घेतो, पण न कळणारे बोलणे खपवून घेत नाही. म्हणून पंखा बंद करावा, फ्रिज बंद करावा, शेजारच्या काकूंना कुकर पाच मिनिटे थांबवायची विनंती करावी आणि माईक बोलणाऱ्याच्या जवळ न्यावा. शिवाय दृश्य संपल्यावर सर्वांनी अर्धा मिनिट स्तब्ध राहून त्या जागेची नुसती शांतता मुद्रित करून घ्यावी. संकलनाच्या वेळी ती मोलाची ठरते.

पूर्वी ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट खर्च होई. प्रत्येक फुटाला पैसे पडत, म्हणून तालीम कसून होई. आता खिशातल्या फोनवर चित्रण होते आणि फूट मोजावा लागत नाही. ही मोठी सोय झाली, पण तिच्याबरोबर आळसही आला. साठ शॉट, प्रत्येकाचे तीन टेक आणि प्रत्येक टेक चाळीस सेकंदांचा धरला, तर दोन तासांचे चित्रण होते. तालमीशिवाय बारा-बारा टेक घेत बसलात तर ते आठ तासांचे होते आणि आठ मिनिटांसाठी ते सारे कोणाला तरी पुनःपुन्हा पाहत बसावे लागते. मर्यादा स्वतःहून घालून घ्यावी. पुण्याच्याच इन्स्टिट्यूटमधील चिदानंद नाईक यांच्या सोळा मिनिटांच्या कन्नड लघुपटाला २०२४ साली कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात पहिले पारितोषिक मिळाले. म्हातारी गावचा कोंबडा चोरते आणि सूर्यच उगवेनासा होतो, अशी त्याची लोककथा. त्याचे चित्रण चार दिवसांत झाले होते.

आता माझ्या विषयाच्या गाभ्याशी येतो. लघुपट अडतो तो बहुधा कॅमेऱ्यामुळे नव्हे, मैत्रीमुळे अडतो. काल एका बाकावर बसणारे पाचजण. आज त्यांतला एक दिग्दर्शक होतो आणि उरलेल्या चौघांना ‘पुन्हा कर’ म्हणू लागतो. हे बोचते. ज्याने फोन आणला त्याला वाटते चित्रपट आपला, ज्याने गोष्ट लिहिली त्याला वाटते आपला, आणि जो तीन दिवस उन्हात छत्री धरून उभा राहिला त्याचे नाव शेवटी यादीतही नसते. मित्राला ‘तू वाईट केलेस’ म्हणणे कठीण, आणि न म्हणणे त्याहून घातक.

या बाबतीत आपल्या डोळ्यांसमोर ‘प्रभात’ असावी. १९२९ साली कोल्हापुरात दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी या पाचजणांनी ती काढली. त्यांतले दामले ध्वनीचे जाणकार आणि फत्तेलाल कलेचे. त्या दोघांनी मिळून दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. दोघांनी एक चित्रपट दिग्दर्शित करावा आणि जोड कोठे दिसू नये, हे मैत्रीचे शिखर. पण त्याच मंडळींत दुरावाही आला. १९४२ साली शांताराम बाहेर पडले आणि प्रभातचे जुने रूप पुन्हा आले नाही. गुणी माणसांचेही जेथे जुळणे कठीण झाले, तेथे अठरा वर्षांच्या पोरांनी नुसत्या ‘आपण सगळे सारखेच’ या वाक्यावर विसंबू नये. त्याच प्रभातच्या आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे, हा योगही विसरू नये.

म्हणून माझी सूचना अशी. चित्रण सुरू होण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहाव्यात. मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा? कोणी किती पैसे घातले आणि पारितोषिक मिळालेच तर वाटणी कशी? नामावलीत कोणाचे नाव कोठे? आणि पुरा झालेला लघुपट कोणाकडे राहणार? सर्वांनी खाली सह्या कराव्यात. कोणी म्हणेल, मित्रांत सह्या कसल्या? मी म्हणतो, शत्रूशी करार मोडला तर पैसे बुडतात, मित्राशी न केलेला करार मोडला तर मित्रच बुडतो. त्या कागदाने मैत्री कमी होत नाही, तिच्यावरचे ओझे कमी होते.

आणखी एक गोष्ट पालकांना, विशेषतः मुलींच्या पालकांना सांगायची आहे. अशा मंडळींत मुलगी असली की तिच्या वाट्याला बहुधा रंगभूषा आणि चहा येतो, कॅमेरा येत नाही. कारण विचारले तर सांगतात, ‘तिला लवकर घरी जावे लागते.’ तर मग चित्रणच सर्वांनी संध्याकाळी सहाला संपवावे! वर मांडलेला हिशोब त्याच वेळेचा आहे. पायल कपाडिया याच इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थिनी. २०१७ साली त्यांचा विद्यार्थिदशेतला लघुपट कानला निवडला गेला आणि २०२४ साली त्यांच्या चित्रपटाला तेथे ग्रां प्री मिळाले. तुमच्या आळीतली मुलगी कॅमेऱ्यामागे उभी राहू इच्छीत असेल, तर तिला वेळेचे बंधन घाला, पण कामाचे घालू नका.

कायद्याचेही दोन शब्द. सिनेमातले आवडते गाणे उचलून आपल्या लघुपटाखाली घालू नये. त्यावर दुसऱ्याचा हक्क असतो आणि महोत्सव तो प्रश्न विचारतात. गावात पेटीवर बसणारा कोणी असतोच, त्याला विनंती करावी. ज्याच्या दारात चित्रण करायचे त्याची परवानगी घ्यावी. आणि रेल्वेच्या रुळांवर, धरणाच्या भिंतीवर, गच्चीच्या कठड्यावर कोणीही उभे राहू नये. कोणताही शॉट एका मुलाच्या जिवाइतका मोलाचा नसतो. हे वाक्य त्या चार ओळींच्या कागदावर पाचवी ओळ म्हणून लिहावे.

आता वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर. उपयोग काय? बहुतेक मुले पुढे चित्रपटात जाणार नाहीत. कोणी बँकेत जाईल, कोणी शेती करील, कोणी शिक्षिका होईल. पण वेळेवर येणे, दुसऱ्याच्या कामावर आपले काम अवलंबून आहे हे ओळखणे, नावडते मत ऐकून घेणे आणि हाती घेतलेले पुरे करणे, या गोष्टी ती तीन दिवसांत शिकतात. नागरिकत्वाच्या पुस्तकात याच गोष्टींवर धडे असतात; येथे त्या अंगी लागतात. शिवाय सायकलीची गोष्ट करता करता त्यांतला एखादा आपल्या आजीला पहिल्यांदाच विचारील, ‘आजोबा या सायकलवरून कोठे जात असत?’ तेवढे जरी झाले, तरी तीन दिवसांच्या जेवणाचा खर्च वसूल झाला असे मी समजेन.

तेव्हा आपल्या व्याख्यानमालेने एक संध्याकाळ दरवर्षी या मुलांसाठी राखून ठेवावी आणि त्यांचे लघुपट याच मंडपात दाखवावेत, अशी चालकांना विनंती करतो.