म्हाताऱ्या माणसाचा कान



नारायणगाव म्हटलं की तमाशा आठवतो. विठाबाई नारायणगावकर तिथल्याच. जुन्नर-आंबेगावच्या जत्रांत आम्ही पुष्कळ तमाशे पाहिले. एकदा शेजारचे आजोबा म्हणाले, "ढोलकी घुमती ते कळतं. पण झांज ऐकू येत न्हाई, अन् गाण्याचे बोलही समजत न्हाईत." असं का होतं, ते आज आम्ही सांगतो.

कानाचे तीन भाग आहेत : बाहेरचा, मधला आणि आतला.

बाहेरच्या भागात मळ साचतो. मधल्या भागात पडदा फाटतो, कान वाहतो. मग आवाज वाटेतच अडतो. हा पहिला प्रकार. डॉक्टर मळ काढतात, औषध देतात. हा बहिरेपणा पुष्कळदा बरा होतो.

आतल्या भागात गोगलगाईच्या शंखासारखी नळी असते. तिच्यात हजारो बारीक पेशी असतात. त्या आवाजाची खबर मेंदूकडे धाडतात. वय वाढलं की त्या झिजतात. कापलेल्या घासाला पुन्हा फुटवा येतो. या पेशींना येत नाही. हा दुसरा प्रकार. यात बारीक आवाज आधी जातात. म्हणून झांज जाते, नातवंडांचे बोल जातात आणि ढोलकीचा घुमारा राहतो.

कुणाला दोन्ही प्रकार एकदम होतात. तो तिसरा.

वय हे मोठं कारण. पण कर्ण्यांचा व यंत्रांचा गोंगाट, मधुमेह, रक्तदाब आणि काही औषधं यांनीही कान लवकर झिजतो. काही घराण्यांत तो पिढीजात असतो.

घरची माणसं म्हणतात, "म्हातारा मुद्दाम ऐकत नाही." आजोबा मग गप्प होतात. ओट्यावर एकटे बसतात. मंडळी, हा हट्ट नव्हे. त्यांना आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.

तेव्हा कानात तेल, काडी, पिन घालू नका. सरकारी दवाखान्यात कान दाखवा. कान एकाएकी बंद पडला, तर त्याच दिवशी जा. झिजलेल्या कानाला श्रवणयंत्राचा आधार मिळतो. २०१७ साली सरकारने राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. तिच्यातून ६० वर्षांवरील गरीब माणसांना यंत्र मोफत देतात. त्याची चौकशी करा.

आणि आजोबांशी बोलताना समोर बसा. ओरडू नका. सावकाश, स्पष्ट बोला. एवढं आज घरी गेल्यावर करून पाहा.