स्वस्ताईचा भागाकार

मुरगाव बंदराकडे जाणाऱ्या बार्जच्या अंगावर भाररेषा असते. ती बुडेल इतका माल कोणी भरू नये असा दंडक आहे. छोट्या टॅब्लेटला अशी रेषा नसते. २०१२ साली ३२९ डॉलरांना निघालेल्या पहिल्या आयपॅड मिनीची कार्यस्मृती, म्हणजे रॅम, अवघी ५१२ मेगाबाइट. ती वाढविण्याची सोय नव्हती. प्रणाली मात्र दरसाल जड होत गेली आणि २०१५ च्या नवव्या आवृत्तीखाली ते यंत्र रखडू लागले. नवी प्रणाली नाकारावी, तर सुरक्षितता जाते. स्वीकारावी, तर गती जाते. म्हणून शाळकरी मुलासाठी टॅब्लेट घेणाऱ्या पालकांनी केवळ दर्शनी किंमत पाहू नये. रॅम किती आणि सुधारणा किती वर्षे मिळणार, हे आधी विचारावे. मग किमतीला त्या वर्षांनी भागावे. स्वस्त कोणते, ते भागाकारच सांगेल.